दोन मिनिटं नुसता बर्फ

"तीन भाग झाले, तुमचा कॅमेरावाला लेक काही दिसला नाही हो, कुमुदताई!" मी चिडवलं. दक्षिण ध्रुवावरच्या मोहिमेची मालिका आम्ही शेजारणी त्यांच्याकडेच बघायचो.

चौथ्या भागात मोहिमेतला एक जण बर्फाच्या भेगेत कोसळला आणि चित्रच गडगडलं. मग दोन मिनिटं नुसता बर्फ. "ऐन वेळी कॅमेरा टाकला की हो त्यानं!" मी म्हणाले. ताई ओशाळल्या.

दुसऱ्या दिवशी नाशिकहून एक बाई पेढे घेऊन आल्या. "भेगेत पडला तो माझा मुलगा. तुमच्या लेकानं कॅमेरा टाकून दोर धरला, म्हणून वाचला. घरी सांगितलं नाही त्यानं?"

"तो कुठला सांगतोय!" ताई म्हणाल्या.

दुपारी तोच भाग पुन्हा लागला. बर्फ दिसताच बाईंनी हात जोडले. माझा पेढा हातातच राहिला. पडद्याच्या कोपऱ्यात ताणलेला दोर होता, काल मला दिसलाच नव्हता.