रिकामी पेटी

"पेटीत काय हाय?" कॉलेजच्या फाटकावरच्या चौकीदारानं विचारलं.

"काईच नाई," तानाबाई म्हणाली. "नवऱ्याले न्यायले आली."

चौकीदारानं तानाबाईकडे पाहिलं. टेम्पोतल्या शवपेटीकडे पाहिलं. पेटीला टेकून बसलेल्या, पांढरा झगा घातलेल्या फादरकडे पाहिलं आणि मुकाट्यानं फाटक उघडलं. डॉक्टरकीच्या कॉलेजात लोक मेलेलं माणूस देऊन जातात. परत मागायला आलेली बाई तो पहिल्यांदाच पाहत होता.

टेम्पो सरपंच भैयाजीचा, चालवायलाही तोच. गावात खड्डा खणून ठेवलेला, तोही भैयाजीनंच. उन्हाळ्यात डोमाजी गेला तेव्हा याच भैयाजीनं हात वर केले होते. गावात ख्रिस्त्यांची घरं दोन-चार, त्यांना गायरानात दफनाला जागा दिली तर उद्या सगळेच मागतील, असं त्याचं म्हणणं. फादर म्हणाले, वर्ध्याला आपली दफनभूमी आहे, तिथं नेऊ. तानाबाईच्या डोक्यात सणक गेली. "जलमला त्या गावात याले जागा नाई, मंग कोनाचीच माती नको. डॉक्टरकीची पोरं शिकतात तिथं देऊन टाका." बोलली म्हणजे बोलली. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, श्रद्धा आणि विज्ञानाचा सुरेख संगम. रागाचं कुठं काही छापलं नव्हतं.

आता निवडणूक तोंडावर आली आणि गायरानात जागा निघाली.

"देह दान करणे हे प्रेमाचे कृत्य आहे," टेम्पोतून उतरता उतरता फादर म्हणाले. फादर केरळचे. मराठी पुस्तकातून शिकले आणि बोलतात छापल्यासारखे. "परंतु अखेरीस त्या देहास सन्मानाने माती द्यावी, असे चर्च सांगते."

"मंग पेटी का हवा भराले आनली?" तानाबाई म्हणाली.

परवा मृतांचा सण. फादर कबरीवर पवित्र पाणी शिंपडतील, ती मेणबत्ती लावेल. गावात, सगळ्या गावाच्या डोळ्यांदेखत. एवढ्यासाठी ती पावसाळाभर धुमसत होती.

तिथं शिकवणाऱ्या मोहिनी मॅडम वर्ग सोडून बाहेर आल्या. वयानं तानाबाईच्या नातीएवढ्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, वाद घातला नाही. "नेता येईल, आजी. तुमचाच माणूस आहे. एवढा तास संपू द्या, मग सही करा." आणि दार लोटून आत गेल्या.

भैयाजी फोन लावायला अंगणात गेला, फादर जपमाळ काढून उभे राहिले. तानाबाई बाहेरच्या बाकड्यावर बसली आणि तिला डोमाजीचे बाकडे आठवले.

डोमाजीला बाप्तिस्म्यात डॉमिनिक केलं होतं, पण गावानं डोमाजीच ठेवला. दर रविवारी मिस्साची प्रार्थना झाली की तो चर्चच्या पडवीत धर्मशिक्षणाच्या वर्गासाठी बाकडे मांडायचा, घंटी वाजवायचा, फळ्यावर खडूनं लिहायचा, 'देवाने तुला कशासाठी निर्माण केले?' ख्रिस्त्यांची पोरं कामाधंद्याला नागपूरला गेलेली. होती ती क्रिकेट खेळायची. डोमाजी तासभर बसायचा, मग आपणच फळा पुसायचा आणि घरी यायचा. त्याला एकच हौस होती, कोणीतरी मास्तर म्हणावं. तानाबाईनं उभ्या जन्मात म्हटलं नाही. तो दारात आला की विचारायची, "काऊन जी, बाकडे पास झाले का?"

तो हसायचा. हसायला लाजायचा नाही, एवढं मात्र खरं.

दार नीट लागलं नव्हतं. फटीतून औषधाचा उग्र वास आला. तानाबाईनं वाकून पाहिलं. पांढऱ्या कोटातली पोरंपोरी एका टेबलाभोवती दाटीवाटीनं उभी होती. मागची टाचा उंच करून पाहत होती. एका पोरानं जांभई दिली.

"जांभया कसल्या देतोस?" मोहिनी मॅडमचा आवाज आला. "सरांकडे लक्ष दे."

तानाबाईनं सगळी खोली नजरेनं धुंडाळली. आत मॅडम होत्या, पोरं होती. सर कुठं दिसेनात.

पोरांना कामाला लावून मॅडम मध्येच कागद घेऊन बाहेर आल्या तेव्हा तिनं विचारलं, "आत सर कोनते?"

"टेबलावर आहेत ते, आजी. आमच्याकडे सगळे त्यांना सरच म्हणतात. तास सुरू व्हायच्या आधी पोरं त्यांना नमस्कार करतात."

"तो आमचाच बुढा हाय का?"

"हो."

तानाबाईनं पदर डोक्यावर ओढून घेतला. "पोरं रोज येतात?"

"यावंच लागतं. दांड्या मारल्या तर परीक्षेला बसू देत नाही."

मॅडमनी कागद पुढं केला, पेन उघडून दिला. तानाबाईला सहीपुरतं लिहिता येत होतं. तेही डोमाजीनंच शिकवलं होतं, चुलीपुढं राखेत बोटानं गिरवून. तिनं पेन हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला.

भैयाजी धापा टाकत आला. "काकू, आटपा न. पेपरवाले खड्ड्यापाशी येऊन बसले. किती वेळ थांबवू त्याईले?"

"फादर," तानाबाई म्हणाली, "मातीले उशीर झाला तर देव रागावते का?"

फादरांनी जपमाळ खिशात ठेवली. "नाही," ते म्हणाले. "उशिराने तो रागावत नाही."

तानाबाईनं पेनाला टोपण लावलं, मॅडमच्या हातात परत दिला आणि दार नीट लोटून घेतलं.

"खड्डा झाकून ठेवजो, भैयाजी," ती हळू आवाजात म्हणाली, आत ऐकू जाऊ नये म्हणून. "मास्तरचा वर्ग भरला हाय. सुटला का येईन तो."