तीन फुटांची लादी

सांगलीतल्या बर्फाच्या कारखान्यात भर दुपारी अर्फाने तापती सळई चाचणीसाठी लादीवर उभी केली. गुरूच्या चंद्रावरचा बर्फ वितळवत खाली उतरण्यासाठी दोन वर्षं खपून तिने ती बनवली होती. दुसरी नव्हती.

लादी तीन फुटांची. सळईमागची केबल मात्र सात फूट आत गेली.

"आवं चाचा, खाली खड्डा हाय का?"

"कसला खड्डा? फरशी हाय, पोरी." लादी आतून घट्ट गोठली का हे बघायला मालक इमामचाचांनी सवयीने बर्फ ओढायच्या आकड्याने तिच्यावर तीनदा ठोकलं आणि आकडा भिंतीला टांगला.

अर्फाने हीटर बंद केला. केबल उतरतच राहिली. शेवटचं टोक तिने दोन्ही मुठींत आवळलं.

ओढ थांबली. मग मुठींत, खोल खालून, तीन ठोके जाणवले.