राहणाऱ्या व्यक्ती : एक

"घरात राहणाऱ्या एकूण व्यक्ती : एक," इन्स्पेक्टरनं मोठ्यानं वाचलं आणि पुढे बरोबरची खूण केली. नेमकं तेव्हाच बाहेरच्या खोलीत कुणीतरी खोकलं.

अन्न खात्याचा हा इन्स्पेक्टर मागच्या दारानं थेट स्वयंपाकघरात आला होता. त्याचं पेन थांबलं.

"काकू, तिकडे कोण आहे?"

तिनं अर्जाकडे पाहिलं. अक्षर तिचंच होतं. सोमवारी दुपारी चष्मा पुसून तिनं बाजारातल्या विक्रीच्या नव्या परवान्याचा अर्ज भरला होता. नाव, पत्ता, विक्रीचा पदार्थ : पेरूची जेली. मग व्यक्तींचा रकाना आला आणि हातानं 'एक' लिहून टाकलं. काही लपवावं असं मनातही नव्हतं. नवरा मोजायचा राहून गेला, एवढंच. घरातलं घड्याळ जसं आपण मोजत नाही.

"नियम तुम्हाला वाचून दाखवला होता," इन्स्पेक्टर म्हणाला. माणूस वाईट नव्हता, पण दिवसभर पायऱ्या चढून वैतागला होता. "घरात जितकी माणसं, तितके डॉक्टरांचे दाखले. तुम्ही एकच जोडलाय. माणूस लपवलेला निघाला तर अर्ज बाद, आणि वर्षभर पुन्हा करता येत नाही. यादी आज बंद होतेय. मग माझ्या हातात काही नाही हो."

वर्षभर. तिनं ओट्याचा काठ धरला. रविवारच्या शेतकरी बाजारात दोन वर्षं ती कोपऱ्यातल्या टेबलामागे बसत होती. जेली खपली काय, न खपली काय. शेजारची मधवाली तिला "अगं" म्हणायची. भाजीवाला "आज उशीर केलात, मावशी" म्हणून टोकायचा. तिथं चार तास ती बोलायची आणि उरलेला आठवडा तेच बोलणं पुरवून पुरवून वापरायची.

घरात बोलायचं काही उरलं नव्हतं. भांडण असं कधी झालंच नाही. भांडायलाही समोर माणूस लागतो. मुलगी लग्न होऊन लांब गेली, ते निवृत्त झाले, आणि शब्द एकेक करून झिजत गेले. गॅस संपला. फोन आहे. दार लावून घे. मग हे शब्दही संपले. त्यांचं ताट ती टेबलावर झाकून ठेवायची आणि स्वतः स्वयंपाकघरात जेवायची. संध्याकाळी ते फिरायला जात. कडी वाजली की समजायचं, गेले. कुलपात किल्ली फिरली की समजायचं, आले.

आता ते स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. बरण्यांची रांग न्याहाळत होते, कुण्या परक्या दुकानात शिरल्यासारखे.

"काका, तुम्ही इथं राहता का?" इन्स्पेक्टरनं विचारलं.

ते टेबलाशी आले. वाकून अर्ज वाचला. त्या एका शब्दावर त्यांचं बोट क्षणभर टेकलं. तिनं मान खाली घातली. चार शब्द सुनावले असते तर बरं, असं तिला वाटलं.

"नाही," ते म्हणाले. "अर्ज बरोबर आहे. मी आपला बसायला आलोय."

"कोण लागता यांचे?"



"जुनी ओळख आहे."

इन्स्पेक्टरनं त्यांच्या पायांकडे पाहिलं. टाचेला झिजलेल्या घरातल्या सपाता. मग तो उगाचच बरण्यांकडे वळला.

"काकू, थर्मामीटर दिसत नाही. जेली झाली हे कसं ओळखता?"

"चमच्यावरून," ती म्हणाली. "तिरका धरायचा. थेंब वेगळे वेगळे पडले तर कच्ची. काठावर दोन थेंब एकमेकांना धरून पडले, की झाली."

"चमचा थंड हवा," मागून त्यांचा आवाज आला. "गरम चमच्यावर फसगत होते."

ती चमकून वळली. लग्नाच्या पहिल्या वर्षी, या शेगडीपाशीच, चमचा गार पाण्यात बुडवून आणून द्यायचं काम त्यांचं असायचं. चाटून पुसून परत द्यायचंही. तिला वाटलं होतं, हे आता आपल्या एकटीलाच आठवतं.

"ओळख जुनी दिसतेय खरी," इन्स्पेक्टर म्हणाला आणि शिक्का उमटवून त्यानं तो कागद परवाना म्हणून तिच्यापुढे ठेवला. "थर्मामीटर मात्र एक घेऊन ठेवा. रविवारी तपासायला येईन." बाकीचे कागद पिशवीत घालताना त्यानं डोळे बारीक केले. "चला काका, चौकापर्यंत सोडतो. ऐन जेवणाच्या वेळी पाहुण्यानं रेंगाळू नये."

पाहुणा म्हणवून घेतलं, आता निघणं भाग होतं. त्यांनी सपाता काढून चपला घातल्या. दाराशी ते थबकले. रोज नुसती कडी वाजायची.

"येतो," ते म्हणाले.

"या," ती म्हणाली. आपण काय म्हणालो ते स्कूटर सुरू झाल्यावर तिच्या ध्यानात आलं.

परवाना तिनं दोनदा वाचला. राहणाऱ्या व्यक्ती : एक. शिक्का नेमका त्यावरच बसला होता, ठसठशीत. आता तो खोडायची सोय नव्हती. घर इतकं शांत तिला कधी वाटलं नव्हतं. खोकला नाही, वर्तमानपत्राची सळसळ नाही. एका माणसाच्या घरात काय काय ऐकू येत नाही, हे तिला तेव्हा कळलं. तिनं त्यांचं ताट वाढलं, झाकायला हात उचलला, आणि ताट उघडंच राहू दिलं.

बेल वाजली.

ती धावतच गेली. दारात तेच उभे होते. त्यांची किल्ली तर सदऱ्याच्या खिशातच असायची.