नमुना पाठातली मुलगी

“एक छेद तीन मोठा की एक छेद चार?” बाईंनी विचारलं.

“एक छेद चार,” भोपळी म्हणाली. “चार तीनापेक्षा मोठे असतात ना!”

मागे बसलेले पन्नास शिक्षक हसले. बाई हसल्या नाहीत. “हसू नका,” त्या म्हणाल्या. “तिला जे आधीपासून ठाऊक आहे, त्याच्याच जोरावर ती बोलतेय. आपण तिला फक्त चित्र दाखवायचं.” मग सारख्या लांबीच्या दोन कागदी पट्ट्या निघाल्या. घड्या घालून एकीचे तीन भाग केले, दुसरीचे चार. भोपळीने एकेक भाग शेजारी-शेजारी धरला, डोळे मोठे केले, तोंडावर हात नेला.

“अय्या बाई! आत्ता कळलं मला!”

टाळ्यांचा नुसता कडकडाट. ही चौदावी शाळा होती, बरं का. पोरीला चौदाव्यांदा कळत होतं.

गणितात कायम भोपळा, म्हणून वर्गाने तिला भोपळी केलं होतं. घोकंपट्टी न करता गणित कसं शिकवावं, हे शिक्षकांना दाखवत बाई शाळोशाळी फिरत आणि हिला सोबत नेत. दुसऱ्या मुली घेऊन पाहिल्या होत्या, पण मेल्यांना धड चुकताही येईना. एक मधेच खुदकन हसायची, दुसरी बरोबर उत्तर फाडकन सांगून मोकळी व्हायची. भोपळी मात्र मनापासून चुकायची. पहिल्यांदा ती खरंच चुकली होती. आणि पहिल्यांदा तिला खरंच कळलंही होतं.

तिला धास्ती होती ती एकच. धाकटी बहीण चौथीत, हुशार आणि जिभेला हाड नसलेली. यंदा पाचवीत नापास झालं, तर दोघी एका वर्गात. “मग मी तुला ताई म्हणणार नाही हं,” असं धाकटीने आधीच बजावून ठेवलं होतं.

वार्षिक परीक्षेत नेमका तोच प्रश्न आला, पाच मार्कांचा. भोपळीने पेन्सिलीने दोन पट्ट्या काढल्या, भाग पाडले, खाली लिहिलं: ‘एक छेद तीन मोठा. कारण जास्त जणांत वाटलं की प्रत्येकाला कमी येतं.’

पेपर तपासताना बाईंना भरून आलं. असं कारण अख्ख्या वर्गात कुणी लिहिलं नव्हतं. बेरीज अडतीस झाली. पास व्हायला पस्तीस लागत होते.

शेजारी प्रशिक्षण कार्यालयाचं पत्र पडलं होतं. नव्या वर्षात वीस शाळा, पाचवीचाच वर्ग, शक्यतो तीच मुलगी. बाईंनी ते दोनदा वाचलं. मग त्या पट्ट्यांवर लाल फुली मारली. राहिले तेहतीस.

निकालाला आई कारखान्यातून अर्धी रजा काढून आली.

“कच्ची आहे हो अजून,” बाई म्हणाल्या. “राहू दे आणखी एक वर्ष माझ्या हाताखाली.”

“तुमचे उपकार आहेत, बाई,” आईने हात जोडले. “एवढं कोण करतं दुसऱ्याच्या पोरीसाठी!”

“पण मी पट्ट्या काढल्या होत्या,” भोपळी म्हणाली. “तीनाचा भाग मोठा काढला होता.”

“चुकल्या होत्या त्या.”

“बाईंना उलटून बोलू नये,” आई दटावून म्हणाली.

भोपळी रडली नाही. बाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. “वेडी कुठली! पुढच्या वर्षी वीस शाळा फिरायच्यात आपल्याला. एवढ्या टाळ्या दुसऱ्या कुणाला मिळतात का गं?”

भोपळीने बाईंकडे पाहिलं. मग आईच्या जोडलेल्या हातांकडे. तिचे डोळे मोठे झाले. तोंडावर हात मात्र गेला नाही.

“अय्या बाई,” ती हळूच म्हणाली. “आत्ता कळलं मला.”