दाजी, स्टिक

"नवं गाणं आधी, मान्य," माइकची उंची सारखी करत मेहुणा म्हणाला. "पण शेवटी स्टिक पडलीच पाहिजे, दाजी."

रिकाम्या सभागृहात त्याचा आवाज शेवटच्या रांगेला शिवून परत आला. ड्रमच्या मागे बसलेल्या माणसाने मान वर केली नाही. बायकोचा भाऊ त्यांना दाजी म्हणायचा, त्याचं ऐकून सगळा बँड म्हणू लागला, पुढे पोस्टरवरही तेच छापलं गेलं. आता अनोळखी पोरंपोरी त्यांना त्याच नावाने हाक मारत. एका लग्नात ते सगळ्या जगाचे जावई होऊन बसले होते.

"आणि नाही पाडली तर?"

"तर लोक खुर्च्या पाडतील," बेस गिटारवाला म्हणाला. दिवसभरात तो बहुधा एवढंच बोलायचा.

त्यांचं एकच गाणं लोकांच्या ओठांवर होतं. ते ध्वनिमुद्रित होत असताना घामेजल्या तळव्यातून दाजींची स्टिक निसटली होती. ताल तुटला, आणि दचकलेल्या मेहुण्याने शेवटचं कडवं त्या उघड्या शांततेत एकट्याने गायलं. स्टुडिओची वेळ संपली होती. चूक तशीच राहिली. लोकांनी नेमकी तीच डोक्यावर घेतली. तेव्हापासून दर कार्यक्रमात ती बिनचूक करावी लागे: बोटं उघडायची, दचकायचं, ओशाळं हसायचं. वाजवण्यापेक्षा हे आपल्याला अधिक चांगलं जमतं, असं दाजींना अलीकडे वाटू लागलं होतं, आणि त्या विचाराने त्यांची झोप उडत असे.

नवं गाणं त्यांनी स्वतः रचलं होतं. पहिल्या ठोक्यापासून शेवटच्या ठोक्यापर्यंत त्यात कुठेही खंड नव्हता.

"श्वास घ्यायलाही जागा ठेवली नाहीत," मेहुणा कुरकुरला. "लोकांनी टाळ्या वाजवायच्या कुठे?"

"शेवटी."

"शेवटापर्यंत थांबतंय कोण, दाजी?"

"एकदा थांबतील. तेवढं मला बघू दे."

ड्रमच्या आड त्यांनी उजवी मूठ मिटली, उघडली. गेले काही आठवडे दोन बोटं मध्येच परकी होत. सकाळी शर्टाची गुंडी बायकोने लावून दिली होती. "या वयात लाड सुचतायत," ती म्हणाली होती, आणि त्यांनी ते हसण्यावारी नेलं होतं.

संध्याकाळी सभागृह गच्च भरलं. नवं गाणं सुरू झालं तेव्हा प्रेक्षक पाहुण्यांसारखे शिष्टाचाराने ऐकत होते. कुणी मोबाइल चाळत होतं, कुणी शेजाऱ्याच्या कानाला लागलं होतं. दुसऱ्या कडव्यात कुजबुज विरली. पुढच्या रांगेतल्या एका मुलीची हनुवटी तालावर हलू लागली. मग तिच्या मागची रांग, मग त्यामागची. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच समोरची माणसं कशाची वाट पाहत नव्हती. नुसती ऐकत होती. दाजींना आपलेच ठोके आपल्याहून मोठे वाटले.

आणि बोटं गेली. दुखली नाहीत, थरथरली नाहीत, तिथे नव्हतीच. स्टिक ड्रमच्या कडेवर आपटली आणि घरंगळत मंचाच्या टोकाशी जाऊन थांबली.

त्यांनी ताल डाव्या हातात घेतला. गाणं अजून जिवंत होतं. थोडंच उरलं होतं. पण सभागृहाला पडलेल्या स्टिकची ओळख पटली होती.

"दाजी, स्टिक!"

छप्पर उडेल असा कल्लोळ झाला. मेहुण्याने मागे वळून पाहिलं. क्षणभर त्याचा चेहरा कोरा होता. मग वर्षानुवर्षांची सवय त्याच्या गळ्यात जागी झाली आणि जुन्या गाण्याचं शेवटचं कडवं त्याच्या तोंडून निघून गेलं. हजार गळे त्याच्या मागे धावले. दाजींचा डावा हात थांबला. ओशाळं हसू चेहऱ्यावर आपोआप आलं.

पडद्यामागे मेहुण्याने त्यांना मिठी मारली. त्याच्या हातात मंचावरून उचलून आणलेली स्टिक होती.

"मानलं बुवा तुम्हाला. नव्या गाण्यातून थेट जुन्यात. आणि मला पत्ता लागू दिला नाहीत."

"ते गाणं..." दाजी म्हणाले. "थोडंच राहिलं होतं."

"हवंय कशाला? आहे तिथपर्यंतच ठेवू. आणि आज पडली काय सुंदर, इतकी खरी कधीच पडली नव्हती. उद्यापासून अशीच टाका."

बाहेर लोक पुन्हा त्यांना हाका मारत होते. मेहुण्याने स्टिक पुढे केली. दाजींनी ती उजव्या तळव्यावर ठेवून घेतली, आणि डाव्या हाताने एकेक बोट तिच्याभोवती मिटवत राहिले.