उजेडाचा पडदा

भिवाचा हात चौथ्यांदा अडकला. खरा नव्हे, स्क्रीनवरचा. त्यानं बोटानं पत्रा सरकवत प्रेसखाली नेला आणि हात मागं घ्यायच्या आधीच दुसऱ्या हातानं पॅडलचं चित्र दाबलं. लाल दिवा लागला, मशीन जागच्या जागी थांबलं आणि अक्षरं आली, ‘हात आत आहे. पुन्हा पहिल्यापासून.’

“आयला, हे आमच्या मंडळीवानी हाय,” प्रेस चालवणारा भिवा म्हणाला. “चूक कबूल केल्याबिगर पुढं जाऊच देत न्हाई.”

चाकणच्या त्या कारखान्याच्या ट्रेनिंग रूममधी हशा झाला. एचआरचे बोत्रे साहेब हसले, कडंला बसलेली स्वरूपा हसली. समाधान तेवढा हसला नाही. त्याचं पोट आज त्या स्क्रीनवर टांगलेलं होतं.

समाधान मूळचा लातूरकडचा. भोसरीत एक गाळा, त्यात दोन कॉम्प्युटर. कारखान्यांसाठी तो हलतीबोलती ट्रेनिंगं बनवायचा. कामगारानं बोट लावायचं आणि चित्रानं उत्तर द्यायचं. सगळं फ्लॅश नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये. मग फ्लॅश ज्यांनी बनवलं त्यांनीच ते गुंडाळून टाकलं, आणि समाधानचं साऱ्या आयुष्याचं काम होतं तिथं एक राखाडी चौकोन दिसायला लागला. गिऱ्हाइकं पांगली. लोक म्हणाले, भाऊ, आता वडापावची गाडी टाका. यानं गाडी टाकली नाही. एचटीएमएल फाइव्ह शिकला. ते कुणा एकाच्या मालकीचं नव्हतं, कुठल्याही मोबाइलवर चालायचं. एकेक ओळ हातानं लिहून त्यानं हे प्रेस मशीन पुन्हा उभं केलं. ही ऑर्डर गेली तर गाळ्याचं शटर कायमचं खाली.

स्वरूपा त्याचीच शिष्या. फ्लॅश त्याच्याकडंच शिकली आणि त्याच्या आधी त्यातून बाहेर पडली. आता तिचं मारुंजीला ऑफिस. परदेशातल्या एका मोठ्या कंपनीचा ट्रेनिंगचा तयार प्लॅटफॉर्म तिनं विकायला घेतलेला. याच ऑर्डरसाठी सकाळीच तिचंही दाखवून झालं होतं. काम चकाचक.

“सर, तुम्ही अजून हातानंच कोड लिहिता?” तिनं मघाशी विचारलं होतं.

“तू अजून दुसऱ्याचंच विकती का?” समाधान म्हणाला होता.

इकडं भिवा स्क्रीनच्या जवळ वाकला. “पाव्हणं, पन हे लाल कशापायी होतंय?”

“लाइट कर्टन आहे तो,” समाधान म्हणाला. “मशीनच्या तोंडापुढं उजेडाचा पडदा. हात मधी आला की मशीन थांबतं. म्हणजे बोटं वाचतात.”

“असं व्हय.” भिवानं मान हलवली. “आमच्या मशीनलाबी हाय की त्यो. पन बंद करून ठिवलाय. सारखं थांबतंय, माल निघत न्हाई, म्हनून. मला वाटलं, त्यो शोभेला असंल.”

आता कुणी हसलं नाही.

“भिवा,” बोत्रे साहेब म्हणाले, “जा, चहा पिऊन ये. निवांत ये.”

दार लागलं. साहेबांनी चष्मा काढून पुसला.

“दोन्ही छान आहेत. कशात बनवलंय त्याच्याशी मला घेणंदेणं नाही. फक्त तो पडदा चित्रात नको. कामगार उगाच प्रश्न विचारतात. स्वरूपा मॅडम, निघेल?”

“आमचं चित्र वरून तयार येतं, साहेब. आम्हाला त्यात हात घालता येत नाही. कंपनीला कळवावं लागेल. आणि का काढायचा, ते तुम्हाला लेखी द्यावं लागेल.”

‘लेखी’ म्हटल्यावर साहेबांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. “समाधान, तुझं बोल.”

समाधानला वर कुणाला विचारायचं नव्हतं. त्याचं सगळं त्याच्या हातातलं. याच गोष्टीसाठी तर त्यानं डोळे फोडून घेतले होते.

“सर,” स्वरूपा हळूच म्हणाली, “सांगा की, होत नाही म्हणून.”

त्यानं तिच्याकडं बघितलं. ऑर्डर आपल्याला मिळावी म्हणून बोलतीय, का आणखी कशापायी, त्याला कळंना. ऑर्डरसाठीच बोलतीय, असं धरून चालणं सोपं होतं. त्यानं तसं धरलं.

लॅपटॉप पुढं ओढला. चार ओळी पुसल्या. भिवाचा चहा पिऊन व्हायच्या आत काम झालं.

“याला म्हणतात प्लॅटफॉर्म,” बोत्रे साहेब म्हणाले. “ऑर्डर तुझी. एकदा चालवून दाखव फक्त.”

स्वरूपानं बॅग उचलली आणि कुणाकडं न बघता निघून गेली.

भिवाला आत बोलावलं. तो हात पुसत खुर्चीवर बसला. रोजच्या सवयीनं पत्रा सरकवला, आणि हात आत असतानाच पॅडल दाबलं.

काहीच थांबलं नाही. प्रेस दणकन खाली आली. त्याखाली सापडलेल्या हाताचं पुढं काय होतं, ते समाधाननं कधी काढलंच नव्हतं. पडदा असताना तशी वेळच यायची नाही. प्रेस वर गेली. खालचा हात धडधाकट होता, पाची बोटं जागच्या जागी.

स्क्रीनवर हिरवी खूण उमटली. भिवा पहिल्याच फटक्यात पास झाला.