हातभर जिताडा

गिरणीच्या फुटबॉल संघाला दोन उस्ताद होते. बॅकांना ठाण्याचा सेलेस्टीन शिकवायचा, फॉरवर्डांना कोपरचा गोपीनाथ. यंदा मॅनेजरसाहेबांनी फर्मान काढलं की रविवारी दोघांची पोरं एकमेकांविरुद्ध खेळतील आणि ज्याचं शिकवणं कच्चं दिसेल, त्याला घरी बसवलं जाईल.

शनिवारी सकाळीच गोपीनाथ खाडीतला हातभर जिताडा मासा घेऊन सेलेस्टीनच्या ओट्यावर येऊन बसला.

"दादा, तुझ्या बॅकांपुढं माझ्या पोरांचा टिकाव नाही लागायचा. साहेबाला हे खूळ कुठून सुचलं, देव जाणे! घरात सात तोंडं आहेत रे माझ्या."

एवढा दांडगा गडी डोळे पुसायला लागला, तसा सेलेस्टीन विरघळला. दोन गोल गेले म्हणून त्याच्या वीस वर्षांच्या नावाला काय धक्का लागणार होता? उलट दोघंही बरे ठरतील. बॅकांना बाजूला घेऊन त्याने बजावलं, "उद्या दोन गोल जाऊ द्या. कुणाला कळता कामा नये."

पोरं गुणाची. रविवारी मोजून दोनच गोल गेले.

साहेब तडक सेलेस्टीनपाशी आले. "तुमचे बॅक म्हणजे उघडं दार! आजवर आमच्या लक्षात कसं आलं नाही?"

सेलेस्टीनने मोठ्या आशेने गोपीनाथकडे पाहिलं. आता तरी तो बोलेल.

गोपीनाथ बोललाही. "साहेब, म्हणून तर महिनाभर तुमच्या मागे लागलो होतो, एकदा हा सामना घेऊन बघाच."